साठ लाखांतले पासष्ट

छाती भरून श्वास घेतला की मोठ्या माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून साधारण सहा लिटर हवा मावते. सहा लिटर म्हणजे ६० लाख घन मिलिमीटर. या साठ लाखांत ५ मिलिमीटर व्यासाची एक गाठ शोधायची आहे. तिचं आकारमान भरतं जेमतेम ६५ घन मिलिमीटर. भागाकार केला तर ९२ हजारांत एक असं उत्तर येतं. फुप्फुसाचा कर्करोग बरा व्हायचा असेल, तर तो असा लहान असतानाच हाती लागायला हवा. खोकल्यातून रक्त पडायला लागल्यावर कळलं, तर बहुतेक वेळा चाकू चालवण्याची वेळ निघून गेलेली असते.

उरलेली जागा रिकामी असती, तरी काम सोपं होतं. पण फुप्फुसाइतकी गजबजलेली जागा शरीरात क्वचितच असेल. श्वासनलिका दुभंगते, तिच्या फांद्या पुन्हा दुभंगतात, आणि हे साधारण २३ वेळा घडतं, असा नमुना स्विस शरीररचनातज्ज्ञ एवाल्ड वायबेल यांनी १९६३ मध्ये मांडला. दोनाचा तेविसावा घात करून पाहा: ८३,८८,६०८. या टोकांना लगडलेले वायुकोश २००४ मधल्या एका मोजणीत सरासरी ४८ कोटी भरले. एकेक वायुकोश ०.२ मिलिमीटरचा. सगळे उलगडून पसरले तर सुमारे १३० चौरस मीटर, म्हणजे १,४०० चौरस फूट पृष्ठभाग होतो. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा बहुतेक ठिकाणी एका मायक्रॉनहून पातळ असतो. या सगळ्यांतून रक्तवाहिन्यांचं जाळं फिरतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. सीटी स्कॅनच्या कापात रक्तवाहिनी आडवी छेदली गेली की तीही गोल ठिपक्यासारखीच दिसते. म्हणून रेडिओलॉजिस्ट एका कापावरून पुढच्या कापावर, पुन्हा मागे, असा सारखा वर-खाली फिरत राहतो. वाहिनी असेल तर ठिपका पुढच्या कापातही सरकत राहतो, गाठ असेल तर दोन-चार कापांत उगवून मावळते. पडद्यावर असे शेकडो ठिपके असतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाचा असा माग काढावा लागतो.

छातीचा नेहमीचा सीटी स्कॅन घ्या. एका कापात ५१२ गुणिले ५१२, म्हणजे २,६२,१४४ चौकटी. एक मिलिमीटर जाडीचे तीनशे काप धरले तर ७ कोटी ८६ लाख ठोकळे झाले. प्रत्येक ठोकळ्याला एक आकडा मिळतो. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी ठरवलेल्या या मापनात पाणी शून्यावर, हवा उणे १००० वर, रक्त अधिक ४० च्या आसपास आणि टणक हाड अधिक १००० च्या घरात येतं. एवढ्या करड्या छटा डोळ्याला एका वेळी वेगळ्या करता येत नाहीत. म्हणून तोच स्कॅन किमान दोनदा वाचतात, एकदा फुप्फुसासाठी छटा लावून, एकदा हृदय आणि भोवतालच्या भागासाठी. आणि इतकं करूनही एकेक ठोकळा अर्ध्या घन मिलिमीटरचा असतो, त्यात कितीतरी वायुकोश मावतात. एकटा वायुकोश सीटीवर कोणालाच दिसत नाही. दिसते ती गर्दीची सरासरी.

हाउन्सफील्ड यांनी लंडनच्या विंबल्डन भागातल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन केला तो १ ऑक्टोबर १९७१ रोजी. तेव्हा प्रतिमा होती ८० गुणिले ८० चौकटींची, ६,४०० आकड्यांची. त्याआधी प्रयोगशाळेतल्या पहिल्या यंत्राला एका वस्तूची मोजमापं घ्यायला नऊ दिवस लागले होते. मेंदू स्थिर असतो, म्हणून सुरुवात तिथून झाली. छातीत मात्र एक गोष्ट श्वासाबरोबर हलते आणि दुसरी कधीच थांबत नाही. सीटी छातीपर्यंत नीट पोचायला तंत्राला पुढची पंधरा-वीस वर्षं द्यावी लागली.

या क्षेत्रात आकडे कसे वाचायचे, हे मला सगळ्यांत जास्त क्लॉडिया हेन्श्के यांच्या कामातून कळतं. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि पुढे माउंट सायनायमधल्या या रेडिओलॉजिस्ट. डॉक्टर होण्याआधी त्यांनी संख्याशास्त्रात पीएच.डी. केली होती. त्यांचं नाव घेतलं की बाजूने आणि विरोधात बोलणारे दोन्ही पक्ष आजही भेटतात, आणि दोघांच्याही हातात आकडेच असतात.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सहकारी डेव्हिड यँकेलेविट्झ यांच्याबरोबर फुप्फुसाच्या कर्करोगाच्या तपासणीचा विचार मांडला, तेव्हा वारं उलटं वाहत होतं. कारण मेयो क्लिनिकचा मोठा प्रयोग. ९,२११ सिगारेट ओढणारे पुरुष, त्यांतल्या निम्म्यांचा दर चार महिन्यांनी एक्स-रे आणि थुंकीची तपासणी. निकाल वाचून डॉक्टर गोंधळले. तपासणी झालेल्या गटात कर्करोग सापडल्यानंतर पाच वर्षं जगणारे ३३ टक्के, दुसऱ्या गटात फक्त १५ टक्के. दुपटीहून जास्त! पण फुप्फुसाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू मोजले तर दर हजार माणसांमागे वर्षाला ३.२ आणि ३.०. तपासणी झालेल्या गटात एक मृत्यूही कमी नव्हता.

हे कोडं उलगडल्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही. दोन माणसं धरा. दोघांनाही सारखाच रोग, दोघेही वयाच्या सत्तराव्या वर्षी जातात. एकाला अडुसष्टाव्या वर्षी खोकला येतो तेव्हा कळतं, दुसऱ्याला त्रेसष्टाव्या वर्षी तपासणीत कळतं. पहिला निदानानंतर दोन वर्षं जगला, दुसरा सात. पाच वर्षांच्या हिशेबात पहिला नापास, दुसरा पास. आयुष्य मात्र दोघांचंही एका दिवसाने वाढलं नाही, फक्त घड्याळ आधी सुरू केलं. शिवाय तपासणीत संथ वाढणाऱ्या गाठी जास्त सापडतात. वेगाने वाढणारी गाठ दोन तपासण्यांच्या मधल्या काळातच आपला डाव साधते. म्हणजे सापडलेल्यांचा गट मुळातच थोडा नशीबवान असतो.

हेन्श्के यांनी हे ठाऊक असतानाही सीटी हाती घेतला. साठीच्या पुढचे, किमान दहा वर्षं रोज एक पाकीट ओढलेले, कोणतीही तक्रार नसलेले एक हजार लोक त्यांनी निवडले. रोज २० सिगारेटींचं एक पाकीट म्हणजे वर्षाला ७,३०० आणि दहा वर्षांत ७३ हजार सिगारेटी, हा किमान दाखला. एका श्वासात संपणारा, कमी मात्रेचा स्कॅन. तेव्हाचे काप १० मिलिमीटर जाड, सगळी छाती तीसेक प्रतिमांत उरकायची. निकाल जुलै १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. एक्स-रेने ७ कर्करोग दाखवले, सीटीने २७. आणि त्या २७ पैकी २३ पहिल्या टप्प्यातले; एक्स-रेवर पहिल्या टप्प्यातले दिसले होते फक्त ४.

मला या शोधनिबंधातला दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो. हजारांपैकी २३३ जणांच्या फुप्फुसात चुना न साचलेली गाठ दिसली होती. कर्करोग २७ जणांना. उरलेले दोनशेहून जास्त लोक सुई टोचून घेण्याच्या किंवा छाती उघडण्याच्या धोक्यात उभे होते. आपल्याकडे क्षयरोगाच्या बऱ्या झालेल्या जखमा छातीत किती जणांच्या सापडतात, हे ठाऊक असलेल्या कोणालाही या आकड्याची धास्ती वाटेल. हेन्श्के आणि यँकेलेविट्झ यांनी यावर जो मार्ग काढला, तो पूर्णपणे गणिती होता. गाठ कशी दिसते यापेक्षा ती किती वाढते ते पाहायचं. लहान गाठ असेल तर काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन. त्यांच्या शिफारशीनुसार फक्त २८ जणांची बायोप्सी झाली आणि त्यांतल्या २७ मध्ये कर्करोग निघाला. साध्या गाठीसाठी कोणाचीही छाती उघडावी लागली नाही.

वाढ मोजणं ऐकायला सोपं वाटतं, पण ते तसं नाही. ५ मिलिमीटरच्या गाठीतल्या पेशी दुप्पट झाल्या, तर तिचा व्यास १० होत नाही, ६.३ होतो. फरक सव्वा मिलिमीटरचा. दोन निष्णात डॉक्टरांनी एकाच गाठीवर पट्टी धरली तरी त्यांच्या मापात एवढा फरक पडू शकतो. व्यास दुप्पट व्हायला आकारमान आठपट व्हावं लागतं, म्हणजे पेशींचे तीन दुपटीचे फेरे. म्हणून यँकेलेविट्झ यांनी २००० साली पट्टी सोडून संगणकावर तिचं त्रिमितीय आकारमान मोजण्याची पद्धत पुढे आणली. आज गाठीचं आकारमान दुप्पट व्हायला किती दिवस लागतात, यावरून निर्णय होतो. युरोपातल्या मोठ्या चाचणीत ४०० दिवसांच्या आत दुप्पट होणारी गाठ संशयित मानली गेली.

पुढे हेन्श्के यांनी हे काम अनेक देशांत नेलं. ऑक्टोबर २००६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ३१,५६७ लोकांचा हिशेब आला. ४८४ कर्करोग, त्यांतले ४१२ पहिल्या टप्प्यात. अशांपैकी ८८ टक्के दहा वर्षं जगतील असा अंदाज, आणि महिन्याच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी ९२ टक्के. पहिल्या टप्प्यातल्या आठ जणांनी उपचार घेतले नाहीत. ते आठही पाच वर्षांत गेले. ज्या रोगाचं नाव काढलं की घरात सन्नाटा पसरायचा, त्यात ८८ टक्के!

टीका लगेच झाली आणि ती योग्य होती. तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. मेयोच्या ३३ आणि १५ टक्क्यांचा धडा अजून कोणी विसरलं नव्हतं. २००८ मध्ये आणखी एक गोष्ट बाहेर आली, ती म्हणजे या संशोधनाला पैसा देणाऱ्या एका प्रतिष्ठानाचा निधी जवळजवळ सगळा एका सिगारेट कंपनीच्या मालक कंपनीकडून आला होता. कर्करोगाच्या संशोधनावर हा डाग मोठाच. तरी मला असं वाटतं की पैशाचा प्रश्न आणि मोजणीचा प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. मोजणीच्या प्रश्नाला उत्तर एकच होतं. चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे आणि मृत्यू मोजायचे.

ते उत्तर अमेरिकेच्या राष्ट्रीय फुप्फुस तपासणी चाचणीने दिलं. तिच्या प्रमुखांपैकी एक होत्या लॉस एंजेलिसच्या रेडिओलॉजी प्राध्यापक डेनिस एबर्ली. ३३ केंद्रं, ५३,४५४ माणसं, वय ५५ ते ७४. प्रत्येकाने किमान तीस वर्षं रोज एका पाकिटाइतकी सिगारेट ओढलेली, म्हणजे माणशी २,१९,००० सिगारेटी. सगळ्यांचा हिशेब एकत्र करा, किमान ११७० कोटी सिगारेटी होतात. आठ सेंटिमीटरहून थोड्या लांब अशा त्या सिगारेटी एकापुढे एक मांडल्या तर पृथ्वीपासून चंद्रापर्यंतचं अंतर अडीच वेळा भरून निघेल. एवढा धूर या ५३ हजार छात्यांतून गेला होता. निम्म्यांना दरवर्षी एक असे तीन कमी मात्रेचे सीटी स्कॅन, निम्म्यांना तीन एक्स-रे. अडीच मिलिमीटरचे काप धरले तर सीटीच्या गटातून जवळपास एक कोटी प्रतिमा निघाल्या असणार, आणि त्या सगळ्या माणसांनी डोळ्यांनी वाचल्या.

एवढा सगळा खटाटोप करून शेवटी कोणता आकडा हाती आला? एक्स-रेच्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाने ४४३ मृत्यू, सीटीच्या गटात ३५६. फरक ८७. सत्त्याऐंशी माणसं. कितीतरी डॉक्टर-परिचारिका, आठ वर्षं आणि एक कोटी प्रतिमा, यांच्या शेवटी उभी असलेली ही वजाबाकी. तिच्यामुळेच प्रश्न मिटला. ८८ टक्क्यांनी ते साधलं नव्हतं, वीस टक्क्यांनी साधलं, कारण ते वीस टक्के मृत्यूंमधली घट होती. नोव्हेंबर २०१० मध्ये चाचणी मुदतीआधी थांबवून निकाल सांगितला गेला. एक जीव वाचवायला ३२० जणांची तपासणी करावी लागली. आणि छळणारा आकडाही त्यातच होता: सीटीच्या तपासण्यांत २४.२ टक्के वेळा काहीतरी दिसलं, आणि त्यांतलं ९६.४ टक्के कर्करोग नव्हतंच. पुढे नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या नेल्सन चाचणीने व्यासाऐवजी आकारमान मोजलं, आणि पुरुषांत दहा वर्षांत मृत्यू २४ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२० मध्ये दाखवलं. गाठ कशी मोजायची यावर यँकेलेविट्झ यांनी घातलेला जोर इथे कामी आला.

या प्रतिमा वाचणाऱ्यांचं काय? मेयो क्लिनिकने आपलाच हिशेब केला. १९९९ मध्ये एका सीटी तपासणीत सरासरी ८२ प्रतिमा असत, २०१० मध्ये ६७९. काम उरकायचं तर रेडिओलॉजिस्टला आठ तासांच्या पाळीत दर तीन-चार सेकंदांना एक प्रतिमा पाहावी लागते. थकलेला डोळा काय चुकवतो, हे जुनंच ठाऊक आहे. १९४९ मध्येच लिओ हेन्री गार्लंड यांनी दाखवलं होतं की अनुभवी डॉक्टरांच्या नजरेतून छातीच्या दोष असलेल्या एक्स-रेंपैकी जवळपास तीस टक्के निसटतात. २०१३ मध्ये बोस्टनच्या जेरेमी वुल्फ यांच्या चमूने २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाचे स्कॅन देऊन गाठी शोधायला सांगितलं आणि शेवटच्या स्कॅनमध्ये एका गोरिलाचं चित्र घातलं. गोरिला गाठीच्या ४८ पट मोठा होता. २४ पैकी २० जणांना तो दिसला नाही. डोळ्यांच्या हालचाली नोंदवणाऱ्या यंत्राने सांगितलं की बहुतेकांची नजर थेट त्याच्यावरून गेली होती. या प्रयोगाला कोणी हसावं असं मला वाटत नाही. साठ लाखांतले पासष्ट शोधायला डोळा ज्या तऱ्हेने घडवावा लागतो, त्या घडणीचीच ही किंमत आहे.

आणि त्याच स्कॅनमध्ये, दोन फुप्फुसांच्या मधोमध, हृदय असतं. ते दिवसाला सुमारे एक लाख ठोके देतं आणि सात हजार लिटरहून जास्त रक्त पुढे ढकलतं. उजवी हृदय-रक्तवाहिनी सरासरी सेकंदाला ७ सेंटिमीटर वेगाने हलते, आणि तिचा स्वतःचा व्यास तीन-चार मिलिमीटर. तिची स्वच्छ प्रतिमा हवी असेल तर यंत्राला तिच्यापेक्षा पुष्कळ चपळ व्हावं लागतं. आजची वेगवान यंत्रं पाव सेकंदात एक फेरा घेतात. केंद्रापासून ६० सेंटिमीटरवर फिरणाऱ्या एक्स-रे नळीवर तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३९ पट ओढ येते. किलोभर वजनाचा भाग ३९ किलोसारखा बाहेर खेचला जातो. दोन नळ्या असलेलं यंत्र ६६ मिलिसेकंदांत हृदयाचा एक क्षण पकडतं.

पण रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचलेला चुना दिसायला एवढी धावपळ लागतेच असं नाही. १९९० मध्ये आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि वॉरेन जॅनोविट्झ यांनी त्याची मोजदाद सुरू केली: अधिक १३० च्या वर गेलेला आणि किमान एक चौरस मिलिमीटरचा ठिपका मोजायचा. त्यासाठी वेगळं, फार महागडं यंत्र लागत असे. हेन्श्के यांच्या गटाने इस्रायली हृदयरोगतज्ज्ञ जोसेफ शेमेश यांच्याबरोबर साधा प्रश्न विचारला, की फुप्फुसासाठी काढलेला स्कॅन हाती आहेच, तर त्यातच चुना का पाहू नये? चार मुख्य वाहिन्या, प्रत्येकीला शून्य ते तीन गुण, एकूण बारा. २०१० मध्ये ८,७८२ सिगारेट ओढणाऱ्यांचा निकाल आला. शून्य गुणांच्या ३,५७३ जणांपैकी ४३ जण हृदयविकाराने गेले, म्हणजे १.२ टक्के. सात ते बारा गुणांच्या ६२५ जणांपैकी ३३, म्हणजे ५.३ टक्के. चौपटीहून जास्त फरक, तोही नव्या किरणांचा एकही फोटॉन न वापरता. या गटातल्या माणसांना कर्करोगाइतकाच धोका हृदयाचा असतो. छातीच्या स्कॅनच्या रिपोर्टमध्ये त्या चुन्याची एक ओळ लिहायला दहा सेकंद लागतात, आणि ती ओळ मला गाठीच्या ओळीइतकीच मोलाची वाटते.

यंत्रं थांबलेली नाहीत. २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं, एकेक फोटॉन मोजणारं यंत्र ०.२ मिलिमीटरचे काप काढतं. १,०२४ गुणिले १,०२४ चौकटींत तीस सेंटिमीटर छाती त्या बारकाईने टिपायची ठरवली तर १,५०० काप आणि १५७ कोटी ठोकळे होतात. हेन्श्के यांच्या पहिल्या हजार जणांपैकी एकेकाच्या स्कॅनमध्ये ७८ लाख होते. त्याच्या दोनशे पट. त्यांच्या आंतरराष्ट्रीय गटाचा २०२३ चा हिशेब ८९,४०४ लोकांचा आहे: १,२५७ कर्करोग, त्यांतले १,०१७ पहिल्या टप्प्यात.

फुप्फुसाच्या कमी मात्रेच्या तपासणीला लागणारा किरणांचा डोस साधारण दीड मिलिसीव्हर्ट, म्हणजे जगभरात माणसाला दरवर्षी निसर्गातून सरासरी जेवढा मिळतो, त्याहून कमी. अमेरिकेतला शासकीय आरोग्य विमा २०१५ पासून तिचा खर्च देतो. राष्ट्रीय चाचणीच्या जुन्या निकषांत बसणारे ८६ लाख अमेरिकी होते, आणि सगळ्यांची तपासणी झाली तर वर्षाला सुमारे १२ हजार मृत्यू टळतील, असा अंदाज २०१३ मध्ये मांडला गेला. २०२१ मध्ये निकष सैल केले, वय ५० पासून आणि सिगारेट ओढण्याचा हिशेब तीसवरून वीस पॅक-इयर (वर्षभर रोज एक पाकीट म्हणजे एक पॅक-इयर). आता पात्र लोक दीड कोटीच्या आसपास आहेत. २०२२ मध्ये त्यांपैकी तपासणी झालेले पाचांत एकही भरले नाहीत.